धनियाचा दाखला : आपल्या संशोधनपर लेखनातील न्यायनिर्णयांच्या उद्धरणांविषयी

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जे शिलालेख आहेत त्यांतील दोन लेखांत एका गावाच्या दानाची नोंद आहे. पहिला लेख क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा. वलुरक लेण्यांत राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्षुसंघाच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिल्याचे त्यात म्हटले आहे. दुसरा लेख ही मामाळ येथील अमात्याला उद्देशून काढलेली राजाज्ञा आहे. तीत करजक हे गाव वलुरक लेण्यांतील महासांघिक निकायाच्या भिक्षूंना 'भिखुहल' म्हणून दिले असून त्या जमिनीला कोणकोणते परिहार लागू आहेत तेही सांगितले आहे. मामाळ म्हणजेच आजचे मावळ, आणि करजिक व करजक ही एकाच गावाची नावे होत, असे अभ्यासक मानतात. आज्ञा देणाऱ्या राजाचे नाव दगड झिजल्यामुळे उरलेले नाही. नाशिकच्या लेखांशी ताडून ती सातवाहन राजाची ठरविली जाते. गाव तेच, लेणी तीच, परंतु दाता वेगळा आणि ज्याला दान दिले तो संघही वेगळ्या शब्दांनी निर्दिष्ट केलेला आहे. म्हणून 'कार्ल्याच्या लेण्यांना करजक गाव दान मिळाले होते' एवढे लिहून जो थांबतो, त्याने वाचकाच्या हाती काहीच दिलेले नसते. सेनार यांच्या क्रमाने तेरावा लेख की एकोणिसावा, ल्यूडर्सच्या यादीतील १०९९ की ११०५, हे त्याने सांगितलेच पाहिजे.

काही काळापूर्वी लोणावळ्यात तरुण संशोधकांचे एक निवासी अभ्यासशिबिर झाले. प्रस्तुत लेखकाला तेथे ब्राह्मी लेखांवर बोलण्यासाठी बोलाविले होते. पहिल्या दिवशी आम्ही कार्ल्याला गेलो. मुलामुलींनी वह्यांत ओळींचे क्रमांक टाकून अक्षरे उतरून घेतली, तुटलेल्या जागी चौकटी कंस घातले, संशयित अक्षराखाली रेघ ओढली. एका अनुस्वारावरून पायऱ्या उतरेपर्यंत वाद चालला होता. हे पाहून मनाला फार समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी निबंधवाचन होते. त्यांतील एका निबंधात वाक्य आले की, 'मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली अस्पृश्यतेची रूढी बेकायदेशीर ठरविली.' निबंध चांगला होता, लिहिणारी मुलगी अभ्यासू होती. आधार विचारला तेव्हा तिने बाबासाहेबांच्या एका चरित्राचे नाव आणि पृष्ठांक सांगितला. निकालपत्र कोणी पाहिले आहे काय, असे सभागृहाला विचारले. कोणीही पाहिलेले नव्हते. आदल्या दिवशी एका अनुस्वारासाठी भांडणारे हेच ते संशोधक.

तिला दोष देण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. स्वतःच्या एका जुन्या लेखात त्यानेही जवळजवळ हेच वाक्य लिहिलेले आहे, आणि तेही कोणा चरित्रावरूनच. शिबिराहून परतल्यावर मूळ निकालपत्र काढून वाचले, आणि हा लेख लिहिणे आवश्यक वाटले.

प्रकरण असे आहे. महाडच्या सत्याग्रहानंतर, म्हणजे २० मार्च १९२७ नंतर, चवदार तळे अस्पृश्यांना खुले करणारा आपला ठराव महाड नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी रद्द केला. डिसेंबरात दुसरी परिषद भरणार हे कळताच १२ डिसेंबर रोजी नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा दाखल केला. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. त्या हुकुमामुळेच २५ डिसेंबरच्या परिषदेत तळ्यावरील सत्याग्रह तहकूब करावा लागला. पुढे २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो हुकूम उठविण्यात आला. मूळ दाव्याचा निकाल १९३१ साली वादींच्या विरुद्ध लागला. ठाण्याच्या अपील न्यायालयाने तो १९३३ साली कायम केला. त्यानंतर वादी द्वितीय अपिलात मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. एन. जे. वाडिया यांच्या खंडपीठाने ते अपील खर्चासह फेटाळले. बॉम्बे लॉ रिपोर्टरच्या ३९व्या खंडात पृष्ठ १२९५ पासून हा निर्णय छापलेला आहे. (गांधीजींना १९२२ साली अहमदाबादला शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच ब्रूमफील्ड. आपल्याकडील लेखनात निर्णयाच्या कारणांपेक्षा या योगायोगालाच पुष्कळदा अधिक जागा मिळते.)

अपील फेटाळले गेले कशामुळे? वादींचे म्हणणे असे होते की, अस्पृश्यांना या तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादिकालापासून चालत आलेली आहे आणि म्हणून तिला कायद्याचे बळ आहे. अशी रूढी वादींनी सिद्ध केलेली नाही, असे उच्च न्यायालयाने ठरविले. पुराव्याने दिसणारी वहिवाट जुनी होती खरी, पण ती अनादि आहे असे अनुमान या तळ्याच्या बाबतीत काढता येत नाही, असे न्यायालयाला वाटले. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहीपर्यंत त्या पाण्याचा अनन्य उपभोग राखण्याचा प्रयत्न कोणी केला असेल, याविषयीच न्यायमूर्तींना शंका होती. देवळाच्या तळ्याची गोष्ट वेगळी आणि अशा तळ्याची वेगळी, असाही भेद त्यांनी केला.

पुढचा भाग आपण वाचतच नाही. रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा लोकनीतीला विरोधी आहे काय, याचा विचार कदाचित करावा लागला असता, परंतु तो मुद्दा खालच्या न्यायालयांत मांडलेलाच नव्हता, असे निकालपत्रात म्हटले आहे. तळे नगरपालिकेकडे कायद्याने निहित झाल्याचा परिणाम काय, लोकांच्या वतीने विश्वस्त असलेल्या नगरपालिकेला लोकांपैकीच एका वर्गाला वगळता येईल काय, हे प्रश्नही विचारात घ्यावे लागले असते, असे न्यायमूर्ती सांगतात आणि ते प्रश्न तेथेच सोडून देतात. म्हणजे अस्पृश्यतेची रूढी न्याय्य की अन्याय्य, कायदेशीर की बेकायदेशीर, हा प्रश्न उच्च न्यायालयाने निकालात काढलेला नाही. विशिष्ट तळ्याविषयी विशिष्ट रूढीचा पुरावा अपुरा पडला, एवढेच त्याने ठरविले.

या भेदाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. शेवटी बाबासाहेब जिंकले आणि तळे खुले राहिले. शिबिरातही एकाने असेच म्हटले. परंतु बिघडते ते पुष्कळ. अस्पृश्यता १९३७ साली न्यायालयानेच बेकायदेशीर ठरविली असती, तर संविधानाच्या कलम १७ ला आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाला मग करण्यासारखे काय उरले होते? जी गोष्ट न्यायालयाने दिलीच नाही तिचे श्रेय आपण न्यायालयाला देतो, आणि ज्यांनी ती लढून घटनेत आणली त्यांच्या पदरातून ते काढून घेतो. दुसरे असे की, या निकालाची मर्यादा हाच इतिहासाचा फार बोलका पुरावा आहे. दहा वर्षे दावा चालवून, तीन न्यायालयांत जिंकूनही, पाणी पिण्याचा माणसाचा हक्क हा माणसाचा हक्क म्हणून मान्य झाला नाही. वादींना रूढीचे अनादित्व सिद्ध करता आले नाही म्हणून तो टिकला. दुसऱ्या एखाद्या तळ्यावर, एखाद्या देवळाच्या कुंडावर, वादींकडे अधिक जुना कागद असता तर काय झाले असते? ही धास्ती त्या निकालपत्रात आहे, आणि आपल्या सोप्या वाक्याने ती पुसली जाते. शिवाय परपक्षाचा एखादा वकील आपल्या प्रबंधातील हे वाक्य उचलून निकालपत्राची प्रत समोर ठेवील, तेव्हा त्या एका वाक्याबरोबर प्रबंधातील बाकीची पन्नास खरी वाक्येही संशयित होतील.

पालीच्या अभ्यासकाला या ठिकाणी विनयपिटकातील दुसऱ्या पाराजिकाची निदानकथा आठवल्याखेरीज राहत नाही. कुंभकारपुत्र धनिय भिक्षूला कुटीसाठी लाकूड हवे होते. राजगृहाच्या डागडुजीसाठी आणि आपत्काळासाठी राखून ठेवलेले राजाचे लाकूड त्याने कोठाराच्या रक्षकाकडे मागितले, आणि हे राजानेच मला दिलेले आहे असे सांगितले. रक्षकाने विश्वास ठेवला. महामात्य वस्सकार पाहणीला आला तेव्हा लाकूड नाहीसे झालेले दिसले, आणि बांधून नेला गेला तो बिचारा रक्षक. तेव्हा धनिय राजवाड्यावर गेला. बिंबिसाराने विचारले, मी हे केव्हा दिले? धनियाने राजाचेच वचन पुढे केले. राज्याभिषेकाच्या वेळी, श्रमणब्राह्मणांनी गवत, लाकूड आणि पाणी यांचा उपभोग घ्यावा, असे आपण जाहीर केले होते ना?

बिंबिसाराचे उत्तर संशोधनपद्धतीच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. आपण असे म्हटल्याचे त्याला स्मरते, आणि तो ते नाकारीत नाही. परंतु ते वचन पापभीरू, शिक्षाकामी, लहानशा गोष्टीतही शंका बाळगणाऱ्या श्रमणांसाठी होते, आणि तेही अरण्यातील, कोणाच्या मालकीच्या नसलेल्या वस्तूंविषयी होते, असे तो सांगतो. अर्थात धनियाचा दाखला खोटा नव्हता. वचन खरे, ते उच्चारणारा राजा खरा, प्रसंगही खरा. धनियाने गाळली ती वचनाची व्याप्ती. 'न्यायालयाने अमुक म्हटले आहे' असे आपण लिहितो तेव्हा बहुतेक वेळा आपण असेच लाकूड उचलीत असतो, आणि बांधला जातो तो आपल्यावर विश्वास ठेवणारा वाचक.

कथा येथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिकच मोलाचा आहे. नियम घालून देण्यापूर्वी तथागतांनी एका भिक्षूला प्रश्न विचारला. हा भिक्षू प्रव्रज्येपूर्वी न्यायदानाचे काम करणारा महामात्य होता. बिंबिसार राजा किती किमतीच्या चोरीसाठी चोराला पकडून वध, बंधन किंवा हद्दपारीची शिक्षा देतो, असे त्यांनी विचारले. एक पाद, किंवा पादाच्या किमतीची वस्तू, असे उत्तर मिळाले. त्या काळी राजगृहात पाच मासकांचा एक पाद होत असे, अशी नोंदही ग्रंथकार जोडतो. राज्याचा कायदा उद्धृत करताना तो कोणाकडून कळला, त्या माणसाचा अधिकार काय, तो कायदा कोणत्या राजाचा, त्यातील मोजमाप कोणत्या स्थळकाळाचे, हे सारे तेथे आलेले आहे. त्यानंतर शिक्षापद येते, आणि त्याच्या विवरणाच्या अखेरीस 'विनीतवत्थु', म्हणजे निर्णय दिलेली प्रकरणे येतात. अमुक भिक्षूने अमुक परिस्थितीत अमुक केले, त्याच्या मनात काय होते, आणि त्यावर निर्णय काय झाला, असे त्यांचे स्वरूप आहे. परिस्थिती बदलली की निर्णय बदलतो. ज्या परंपरेने प्रकरणासह निर्णय जतन केला, त्या परंपरेच्या अभ्यासकांनी प्रकरण टाकून निर्णय तेवढा वापरावा, हे खेदजनक आहे.

निर्णयाची व्याप्ती गाळण्याचा दोष जसा आहे तसा निर्णयाचे पुढे काय झाले हे न सांगण्याचाही आहे. धर्मांतराविषयीच्या लेखनात पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६४ चा निर्णय वारंवार येतो (ऑल इंडिया रिपोर्टर, १९६५, सर्वोच्च न्यायालय, पृष्ठ ११७९). नागपूरच्या राखीव जागेवरून १९६२ साली विधानसभेवर निवडून आलेल्या उमेदवाराने बौद्ध धम्म स्वीकारला होता. म्हणून तो अनुसूचित जातीचा राहिला नाही, आणि त्याची निवडणूक टिकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. आपले लेखक हा निर्णय दोन टोकांनी वापरतात. एक जण त्याचा आधार देऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत असे आजच्या काळात लिहितो. दुसरा तो निर्णय आता रद्द झाला आहे असे लिहून मोकळा होतो. दोन्ही विधाने चुकीची आहेत. त्या निर्णयामागे १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद होता. त्या परिच्छेदात १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध हे शब्द संसदेने घातले. म्हणजे ज्या मजकुरामुळे निवडणूक गेली तो मजकूर बदलला, परंतु न्यायालयाने तो निर्णय मागे घेतलेला नाही.

आणि त्या निर्णयातील एक भाग अजूनही अभ्यासनीय आहे. धर्म 'मानणे' याचा अर्थ काय, हा प्रश्न तेथे होता. जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचे माणसाने जाहीरपणे सांगितले, तर ते धर्मांतर यथाविधी फलद्रूप झाले की नाही याची चौकशी करीत बसणे व्यर्थ होय, असे न्यायालयाने म्हटले. पाली सुत्तांत तथागतांची देशना ऐकून गृहस्थ शरणगमन करतो आणि 'आजपासून मला उपासक समजावे' असे सांगतो. त्या सांगण्यानेच तो उपासक होतो. दिल्लीच्या न्यायासनाला सुत्तपिटक ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी त्याचा अर्थ सुत्तपिटकाच्या अर्थाशी जुळला. १९५६ च्या दीक्षेवर लिहिणाऱ्याने या जागेचा उपयोग किती चांगल्या रीतीने केला असता! पण निर्णय 'प्रतिकूल' म्हणून बाजूला टाकला जातो, कारण तो वाचलेला नसतो. त्याआधीचा, महानुभाव पंथात गेलेल्या महार उमेदवाराविषयीचा, चतुर्भुज जसानी प्रकरणाचा निर्णय (ऑल इंडिया रिपोर्टर, १९५४, सर्वोच्च न्यायालय, पृष्ठ २३६) याच्या शेजारी ठेवून वाचावा. पंथ बदलूनही तो उमेदवार महारच राहिला, असे तेथे ठरले होते. हे दोन निर्णय एकत्र वाचल्यावर न्यायालय कशाला पंथ समजत होते आणि कशाला धर्म, हा खरा प्रश्न समोर येतो.

आता पुन्हा मावळात यावे. कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. बौद्ध वारशाच्या या स्थळांविषयी आपल्या नियतकालिकांत पुष्कळ पोटतिडकीने लिहिले जाते, आणि ती पोटतिडीक रास्त आहे. परंतु त्या लेखनातील कायद्याचे दाखले पाहावेत. १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमाचे कलम १६ उद्धृत करून कोणी लिहितो की, संरक्षित स्मारकाचा त्याच्या स्वरूपाशी विसंगत वापर करता येत नाही. कलमात त्याआधी दोन अटी आहेत. स्मारक केंद्र सरकारने या अधिनियमाखाली राखलेले असावे, आणि ते उपासनास्थळ किंवा पवित्र स्थान असावे. संरक्षणाखाली घेतले तेव्हा जेथे नित्य उपासना होत नव्हती असे लेणे या अर्थाने उपासनास्थळ ठरते काय? ठरते असे म्हणण्यास चांगली कारणे देता येतील. स्तूप ही काही शोभेची वस्तू नव्हे. परंतु ती कारणे द्यावी लागतील. कलमाचे अर्धे वाक्य कापून ती कारणे देण्याच्या श्रमातून सुटका होत नाही.

याहून मोठी चूक १९९१ च्या उपासनास्थळे (विशेष तरतुदी) अधिनियमाबाबत होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी जे स्वरूप होते तेच कायम राहील, हे त्याचे कलम ४ सर्वांना पाठ आहे, आणि ते लेण्यांना लावून कोणी अनुकूल तर कोणी प्रतिकूल निष्कर्ष काढतो. त्याच कलमाचे तिसरे उपकलम मात्र कोणी पाहत नाही. १९५८ च्या अधिनियमाखाली येणारी प्राचीन व ऐतिहासिक स्मारके तेथे स्पष्ट शब्दांनी वगळलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाविषयी लिहिताना १९९१ च्या कायद्यावर उभारलेला सगळा युक्तिवाद, आपल्या बाजूचा असो की विरुद्ध बाजूचा, या एका ओळीपाशी थांबतो. एवढ्या महत्त्वाच्या प्रश्नावर अशा पायावर लिहिलेले लेख आपण एकमेकांच्या लेखांत उद्धृत करीत राहतो, आणि चौथ्या लेखापर्यंत ती चूक 'सर्वमान्य' होऊन बसते.

परंपरेने आलेल्या वचनाची परीक्षा कशी करावी हे महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसांनी सांगून ठेवले आहे. प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले, संघाकडून ऐकले, बहुश्रुत थेरांकडून ऐकले, किंवा एका थेराकडून ऐकले, असे कोणी म्हणाले तरी त्याचे अभिनंदन करू नये आणि त्याचा अव्हेरही करू नये. ती पदे आणि व्यंजने नीट ग्रहण करून सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावीत. चरित्रकार हा फार तर चौथ्या महापदेसातील एकटा थेर होय. तो आदरणीय आहे, पण ताडून पाहणे त्याच्यामुळे चुकत नाही. मूळ निकालपत्र मिळालेच नाही तर 'अमुक ग्रंथावरून' असे प्रांजळपणे लिहावे. त्यात कमीपणा नाही. मूळ न पाहता मूळाचा खंड आणि पृष्ठांक मात्र दुसऱ्याच्या तळटीपेतून उचलून घालणे हे अदिन्नादानाच्या फार जवळ जाते.

बाबासाहेबांचा स्वतःचा नमुना आपल्यासमोर आहे. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ च्या ग्रंथात कायस्थ आणि मराठे हे शूद्र की क्षत्रिय या प्रश्नावरील न्यायनिर्णय त्यांनी मांडले आहेत. न्यायालयाने म्हटले म्हणून ते खरे, अशी त्यांची भूमिका तेथे नाही. एकाच जातीविषयी कलकत्त्याचे न्यायालय एक म्हणते आणि अलाहाबादचे दुसरे, ही विसंगती ते पुरावा म्हणून वापरतात. न्यायनिर्णयाकडे त्यांनी बॅरिस्टर म्हणून पाहिले तसे इतिहासकार म्हणूनही पाहिले. आपण मात्र निर्णय अनुकूल असला की त्याला बुद्धवचनासारखा मान देतो आणि प्रतिकूल असला की त्याचे नावही घेत नाही.

लेखनातील प्रत्यक्ष व्यवहाराविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पक्षकारांची नावे, वर्ष, निर्णयसंग्रहाचे नाव, खंड व पृष्ठ आणि न्यायालय ही किमान माहिती असावीच, आणि विशिष्ट विधानासाठी परिच्छेदाचा किंवा पृष्ठाचा अंकही असावा. पक्षकारांच्या नावांचा क्रम मनाने बदलू नये. महाडचा मूळ दावा वैद्यांचा आणि द्वितीय अपीलही वैद्यांचेच, म्हणून नावांचा क्रम दोन्हीकडे तोच राहिला, पण नेहमी असे होत नाही. 'आंबेडकर विरुद्ध वैद्य' असे आपल्या भक्तिभावाने लिहिलेले मी वाचले आहे. त्या नावाने शोधणाऱ्याला काहीही सापडणार नाही. शिलालेखाचे जसे बर्जेस, सेनार आणि ल्यूडर्स यांचे निरनिराळे क्रमांक, तसे एकाच निर्णयाचे निरनिराळ्या संग्रहांतील अंक असतात. त्यांतील एक नेमका द्यावा, जमल्यास दुसरा जोडावा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ पासून आपल्या निर्णयांना संग्रहनिरपेक्ष क्रमांक देण्यास आरंभ केला असून अधिकृत निर्णयसंग्रहही संगणकावर विनामूल्य खुला केला आहे. त्यामुळे ग्रंथालय दूर आहे ही सबब पूर्वीइतकी चालणार नाही.

तात्पुरता हुकूम आणि अंतिम निकाल यांत गल्लत होऊ देऊ नये. वडगाव मावळच्या न्यायालयात बांधाच्या भांडणासाठी चार तारखांना हजर राहिलेला शेतकरीही जाणतो की मनाई हुकूम म्हणजे निकाल नव्हे. १४ डिसेंबर १९२७ च्या हुकुमालाच 'न्यायालयाचा निर्णय' म्हणणारे संशोधक मात्र भेटतात. खंडपीठात मतभेद असेल तर उद्धृत केलेले मत बहुमताचे की अल्पमताचे ते सांगावे. सगळ्यांत जपावे ते क्रियापदाला. न्यायालयाने 'ठरविले', 'मत व्यक्त केले', 'गृहीत धरले', 'पक्षकाराचे म्हणणे नोंदविले' या चार वेगळ्या गोष्टी आहेत. निकालपत्राच्या पहिल्या भागात न्यायाधीश दोन्ही पक्षांचे म्हणणे सांगतात. तेथील वाक्य उचलून 'न्यायालय म्हणते' असे लिहिणे म्हणजे सुत्तात मार किंवा निगंठ बोलतो ते बुद्धवचन म्हणून देणे होय. पालीचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही अशी चूक करीत नाही.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्या मुलीने आपले वाक्य बदलून आणले. नवे वाक्य चार ओळींचे होते, आणि त्यात 'सिद्ध केलेली नाही' हे शब्द होते. एका सहाध्यायाने तक्रार केली की जुने वाक्य वाचायला अधिक जोरकस होते. तिने त्याला निकालपत्राची छायाप्रत दिली. ती रात्री खोलीत वाचीत बसून दोघांनी आणखी एक प्रश्न काढला. तळे नगरपालिकेकडे निहित झाल्याचा मुद्दा न्यायमूर्तींनी सोडून दिला खरा, पण महाड आणि ठाणे येथील खालच्या न्यायालयांनी त्यावर काय म्हटले होते? उत्तर मजजवळ नव्हते. 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या सतराव्या खंडाच्या पहिल्या भागात महाडच्या लढ्याची कागदपत्रे आहेत, तेथून आरंभ करावा, असे मी त्यांना सांगितले.